उन्हाळी सहलीसाठी कॅरोलायना बीच म्युझिकची प्लेलिस्ट: गाणी, लय, क्रम आणि किनाऱ्यावरचा आवाज

मीनल_शार्लट

जुलैमध्ये आमच्या मंडळाची सहल साऊथ कॅरोलायनातल्या नॉर्थ मर्टल बीचला जाते आहे. चाळीसेक माणसं, आठ वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या आजी-आजोबांपर्यंत. संध्याकाळी साडेपाच ते आठ गाणी लावून नाचायचं आहे, आणि जागा शॅग या जोडीने करायच्या नाचाचं माहेरघर असल्यामुळे शॅगच नाचायचा असं ठरलंय. दोन जोड्यांना तो चांगला येतो, त्या बाकीच्यांना शिकवतील. प्लेलिस्ट माझ्याकडे आहे.

आत्तापर्यंतची यादी: बीच बॉइजची पाच-सहा, आबा (ABBA) या स्वीडिश गटाची दोन-तीन, ड्रिफ्टर्सचं 'अंडर द बोर्डवॉक', टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल', शेवटी कोळीगीतं. गाणी किती लागतील, क्रम कसा लावावा, वाळूवर हा नाच जमतो का आणि स्पीकर कुठे ठेवावेत, हे जाणकारांनी सांगावं.

तबकडी

मीनलताई, बीच बॉइज आणि आबा आधी काढा. बीच बॉइज कॅलिफोर्नियाचे, त्यांचं ते सर्फ संगीत. कॅरोलायनात ज्याला 'बीच म्युझिक' म्हणतात ते म्हणजे कृष्णवर्णीय कलाकारांचं रिदम अँड ब्लूज आणि सोल, आणि पुढे त्याच वळणावर इथल्या बँडनी केलेली गाणी. गाण्यात समुद्राचा उल्लेख असण्याची गरज नाही, बहुतेकांत तो नसतोच. त्या गाण्यावर शॅग नाचता येतो का, एवढाच निकष. साऊथ कॅरोलायनाने 1984 मध्ये शॅगला राज्याचा अधिकृत नाच केलं आणि 2001 मध्ये बीच म्युझिकला अधिकृत संगीत. नाच आधी, संगीत नंतर. यादी करतानाही हाच क्रम ठेवा: आधी लय तपासा, मग गाणं आवडतं का ते बघा.

ज्यांच्याशिवाय यादी पुरी होणार नाही अशी माझ्या मते ही:

बिली वॉर्ड अँड हिज डॉमिनोज यांचं 'सिक्स्टी मिनिट मॅन' (1951). क्लोव्हर्सचं 'वन मिंट ज्युलेप' (1952). मॉरिस विल्यम्स अँड द झोडिअ‍ॅक्सचं 'स्टे' (1960). विल्यम्स साऊथ कॅरोलायनातल्या लँकेस्टरचे आणि रेकॉर्डिंगही त्याच राज्यात कोलंबियाला झालेलं. टॅम्सचं 'व्हॉट काइंड ऑफ फूल' (1963) आणि 'बी यंग, बी फूलिश, बी हॅपी' (1968). बार्बरा लुइसचं 'हॅलो स्ट्रेंजर' (1963), हे संथ आहे. मेरी वेल्सचं 'माय गाय' (1964). विली टीचं 'टीझिन यू' (1965). प्लॅटर्सचं 'विथ धिस रिंग' (1967). बिल डील अँड द राँडेल्सचं 'आय हॅव बीन हर्ट' (1969). चेअरमेन ऑफ द बोर्डचं 'गिव्ह मी जस्ट अ लिटल मोअर टाइम' (1970). टाइम्सचं 'मिस ग्रेस' (1974). कॅटलिनाजचं 'समरटाइम्स कॉलिंग मी' (1975). ही मंडळी तुमच्याच शार्लटची. रॅलीच्या एम्बर्सचं 'आय लव्ह बीच म्युझिक' (1979). आणि जनरल जॉन्सनचं 'कॅरोलायना गर्ल्स' (1980).

या शेवटच्या माणसाकडे जरा लक्ष द्या. जनरल नॉर्मन जॉन्सन व्हर्जिनियातल्या नॉरफकचे. 1961 मध्ये शोमेन या गटाचं 'इट विल स्टँड' त्यांनीच गायलं, चेअरमेनचा आवाज त्यांचाच, आणि पुढे ते कॅरोलायनाच्या या संगीतात पुरते मुरले. त्यांची तीन गाणी तीन वेगवेगळ्या ठिकाणी लावली तर वीस वर्षांचा प्रवास आपसूक ऐकू येतो.

ठेकेदार

तबकडी यांना अनुमोदन. 'माय गर्ल' ठेवा, पण कुठे ठेवायचं ते लय मोजून ठरवा.

शॅगला मिनिटाला साधारण 110 ते 130 ठोके सोयीचे पडतात. 100 ते 110 ही शिकणाऱ्यांची लय. 135 च्या पुढे नवशिक्यांचे पाय गुंततात, आणि 95 च्या खाली पाऊल टाकल्यावर वजन तोलत थांबावं लागतं, जे नव्या माणसाला आणखी अवघड जातं. 'माय गर्ल' 105 च्या आसपास आहे, म्हणजे शिकवणीला उत्तम. फोर टॉप्सचं 'आय कान्ट हेल्प मायसेल्फ' (1965) 128 च्या जवळ, ते अंग मोकळं झाल्यावर.

मोजायची रीत: गाणं सुरू झाल्यावर पहिलं कडवं सोडून द्या, मग 30 सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. 15 सेकंद मोजून चौपट केलंत तर एका ठोक्याची चूक चारची होते. ठोके मोजणाऱ्या अ‍ॅपवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अशा गाण्यांत अ‍ॅप बऱ्याचदा निम्मा किंवा दुप्पट आकडा दाखवतं. 60 किंवा 236 दिसलं तर ते अनुक्रमे 120 आणि 118 समजा. शिवाय त्या काळी वादक मेट्रोनोमशिवाय (लय धरून देणाऱ्या यंत्राशिवाय) एकत्र बसून वाजवत, त्यामुळे शेवटाकडे लय दोन-चार ठोक्यांनी चढते. गाण्याच्या मध्यावर मोजलेला आकडा धरा.

लयीइतकाच महत्त्वाचा ठेक्याचा झोल (स्विंग). शॅगचं बेसिक, म्हणजे मूळ पदक्रम, सहा मात्रांत आठ पावलं: वन-अँड-टू, थ्री-अँड-फोर, फाइव्ह, सिक्स. पुरुष डाव्या पायाने सुरू करून पुढे तीन पावलं, उजव्याने मागे तीन, मग डावा मागे टेकवून उजव्यावर परत. बाई याच्या उलट. यातला 'अँड' बरोबर मधोमध पडत नाही, किंचित उशिरा पडतो. झांजेवर 'डिंग, ड-डिंग' असं ऐकू येत असेल तर पाऊल आपोआप तिथे जातं. 'डिंग-डिंग-डिंग-डिंग' असे सपाट सारखे ठोके असतील तर लय बरोबर असूनही नाच कवायतीसारखा दिसतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटाची बरीच डिस्को गाणी 120 ला असूनही शॅगला लागत नाहीत, ती यामुळेच.

चारुता

मग 'अंडर द बोर्डवॉक'चं काय? त्यात झोल नाही, लॅटिन वळणाचा ठेका आहे.

ठेकेदार

बरोबर पकडलंत. ते नाचतात, पण पावलं सपाट आणि छोटी ठेवून. नवशिक्यांना पहिल्या अर्ध्या तासात देऊ नका. सगळ्यांना पाठ असल्यामुळे मधल्या वेळेला, लोक खात-पीत असताना, फार चांगलं चालतं. मोनो आणि स्टिरिओ आवृत्तीत एका ओळीचे शब्द वेगळे आहेत, लहान मुलं असतील तर दोन्ही ऐकून निवडा.

मीनल_शार्लट

सहा मात्रांचा नाच चार मात्रांच्या गाण्यावर? सम कुठे येते मग?

ठेकेदार

दोन बेसिक झाली की बारा मात्रा, म्हणजे तीन आवर्तनं. तिथे पाऊल आणि आवर्तनाची पहिली मात्रा पुन्हा एकत्र येतात. बारा आवर्तनांच्या ब्लूज साच्यात 48 मात्रा असतात, त्यात आठ बेसिक बरोबर बसतात आणि पुढच्या फेरीची सुरुवात पहिल्या पावलावर मिळते. म्हणून शिकवताना बारा आवर्तनांची जुनी ब्लूज चालीची गाणी घ्यावीत. सोल गाण्यांत कडवं बहुधा 32 मात्रांचं असतं, तिथे पाच बेसिक होऊन दोन मात्रा उरतात. नवा माणूस तिथे 'चुकलं वाटतं' म्हणून थांबतो. शिकवणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावं की चुकलेलं नाही, सहा मोजत राहा.

गोदाकाठ

यादीत इतिहासाची दोन-चार वाक्यंही घालाल का? मंडळाच्या कार्यक्रमात कोणी माइकवर सांगितली तर बरं. 1940 च्या दशकात दक्षिणेत वंशभेद कायद्याने होता. गोऱ्या वस्तीतल्या रेडिओवर हे संगीत फारसं लागत नसे. किनाऱ्यावरच्या ज्यूकबॉक्समध्ये (नाणं टाकलं की गाणं लावणाऱ्या यंत्रात) आणि कृष्णवर्णीयांच्या क्लबांत ते ऐकायला मिळे. मर्टल बीचला कार्व्हर स्ट्रीटवर चार्ली फिट्झजेराल्ड यांचा 'चार्लीज प्लेस' हा क्लब होता. तिथे गोरी तरुण मुलंही यायची, एकाच फरशीवर नाचायची. 26 ऑगस्ट 1950 च्या रात्री कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेने क्लबवर गोळीबार केला आणि फिट्झजेराल्डना पळवून नेऊन बेदम मारहाण केली. हल्लेखोरांपैकी एक जण मेला, तो झग्याखाली पोलिसाचा गणवेश घातलेला निघाला.

पुढे ऑक्टोबर 1954 मध्ये हेझल चक्रीवादळाने किनाऱ्यावरचे कितीतरी नाचाचे मंडप उद्ध्वस्त केले. तरी नाच टिकला. 1980 पासून शॅग नाचणाऱ्यांच्या 'सोसायटी ऑफ स्ट्रँडर्स'चे मेळावे भरतात, तेही तुम्ही जाताय त्याच नॉर्थ मर्टल बीचला. पन्नासच्या दशकातली निदान पाच गाणी ठेवा एवढीच विनंती; सगळी यादी 1965 नंतरची केली तर मूळ ज्यांचं त्यांचाच आवाज गळतो.

तबकडी

पूर्ण सहमत. आणि पन्नासची गाणी घेतलीत तर रेकॉर्डिंग तपासा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ड्रिफ्टर्स, प्लॅटर्स, टॅम्स यांची गाणी पुढे वेगळ्या गायकांनी वा त्याच गायकांनी उतारवयात पुन्हा रेकॉर्ड केली आहेत, आणि अ‍ॅपवर शोधलं की बऱ्याचदा तीच वर येतात. ओळखायचं कसं: 'ग्रेटेस्ट हिट्स' नावाखाली वर्ष अलीकडचं, बारीक अक्षरात 'री-रेकॉर्डेड', ढोलाचा आवाज ऐंशीच्या दशकातल्यासारखा घुमणारा, तंतुवाद्यांच्या जागी सिंथेसायझर. लेबलवरून खात्री करा: ड्रिफ्टर्स अटलांटिक, 'विथ धिस रिंग' म्युझिकॉर, 'गिव्ह मी जस्ट' इन्व्हिक्टस. पुन्हा केलेल्या रेकॉर्डिंगची लयही बदललेली असते, म्हणजे तुमचं मोजमाप फुकट.

दुसरं, साठच्या दशकातले स्टिरिओ मिक्स. त्यांत बऱ्याचदा गायक एका कानात आणि ढोल दुसऱ्या कानात असतात. दोन स्पीकर लांब ठेवले तर डावीकडच्यांना नुसतं गाणं आणि उजवीकडच्यांना नुसता ठेका. मोनो आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा, अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली सापडेल.

रॅलीकर

शब्दांकडेही बघा. 'सिक्स्टी मिनिट मॅन' उघडउघड द्वयर्थी आहे. ठेका अफाट, पण आठ वर्षांची मुलं आणि आजी-आजोबा एकत्र असताना ते शेवटच्या टप्प्यात, मुलं आइस्क्रीमकडे गेल्यावर. स्विंगिन मेडॅलियन्सच्या 'डबल शॉट'मध्ये (1966) प्रेमाला दारूच्या नशेची उपमा आहे आणि ते भरधावही आहे. त्यावर शॅगपेक्षा उड्याच चांगल्या मारता येतात. एकदाच लावायचं तर तसंच लावा.

मीनल_शार्लट

किती गाणी ते अजून कोणी सांगितलं नाही :)

रॅलीकर

अडीच तास म्हणजे 150 मिनिटं, पण सलग नाचणार कोणी नाही. 40 मिनिटांचे तीन टप्पे आणि मध्ये 15 मिनिटांचे दोन खंड धरा. या काळातलं गाणं सरासरी पावणेतीन मिनिटांचं. म्हणजे एका टप्प्याला 14-15, तिन्हींना मिळून 44-45. दहा राखीव ठेवा, कारण एखादं गाणं जमलं नाही की लगेच बदलावं लागतं. खंडातल्या गाण्यांची वेगळी छोटी यादी: संथ सोल, 'हॅलो स्ट्रेंजर', 'अंडर द बोर्डवॉक'.

पहिला टप्पा 100 ते 115. एकच बेसिक, वळणं नकोत, त्यामुळे सलग तीन गाणी जवळपास एकाच लयीची द्या. पायांना सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. दुसरा टप्पा 115 ते 128, हा खरा गाभा. इथे दर तीन गाण्यांनंतर एक हळू. लागोपाठच्या गाण्यांत आठ ठोक्यांपेक्षा मोठी उडी नको, विशेषतः खाली येताना. 126 वरून थेट 104 ला आलात की जोड्या बसायला निघतात. एकदा बसलेली माणसं परत उठवणं कठीण. तिसऱ्या टप्प्यात जे लोक मागतील ते.

ओंकार_विल्मिंग्टन

आवाजाबद्दल. दुपार ते संध्याकाळ वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. स्पीकरची पाठ समुद्राकडे आणि तोंड जमिनीकडे ठेवा, म्हणजे वारा आवाज तुमच्याकडे आणतो. उलट ठेवलात तर वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर वळतो आणि वीस-पंचवीस पावलांवर शब्द कळेनासे होतात. मग लोक आवाज वाढवतात, स्पीकर फाटतो, बॅटरी संपते.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो. त्यामुळे एक मोठा स्पीकर लांब ठेवण्यापेक्षा दोन मध्यम स्पीकर नाचाच्या जागेच्या एकाच बाजूला, शेजारी-शेजारी. समोरासमोर नको. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, दहा मीटरचा फरक म्हणजे जवळजवळ 30 मिलिसेकंद उशीर. ठोका दोनदा ऐकू आल्यासारखा होतो आणि पावलं चुकतात. ब्लूटूथने दोन वेगळ्या कंपन्यांचे स्पीकर जोडलेत तरी हाच घोळ. एकाच मॉडेलची जोडी घ्या, किंवा सरळ वायर.

स्पीकर वाळूवर ठेवू नका. स्टँडवर, डोक्याच्या किंचित वर. झांजेचा बारीक आवाज माणसांच्या अंगात शोषला जातो, आणि ठेकेदार म्हणतात तो झोल तर झांजेतच आहे. बास वाढवायचा मोह आवरा. उघड्यावर तो पसरून जातो आणि बॅटरी मात्र खातो.

फोन उन्हात ठेवला की तापून बंद पडतो. सावलीत, पण बर्फाच्या डब्यात नको, आत दव धरतं. सगळी गाणी डाउनलोड करून, विमान मोड लावून, मग फक्त ब्लूटूथ चालू. कोणाचा फोन आला की गाणं मध्येच थांबतं, ते टळेल. आवाज सारखा करणारं सेटिंग चालू ठेवा. 1951 चं आणि 1980 चं रेकॉर्डिंग लागोपाठ लावलं की दुसरं अंगावर येतं.

चारुता

आणि वाळू? शॅगमध्ये पाऊल उचलत नाहीत, घसरवतात. कोरड्या मऊ वाळूत ते होत नाही, गुडघ्याला पीळ बसतो. आजी-आजोबांना तिथे अजिबात नाचवू नका. ओहोटीला उघडी पडणारी ओली घट्ट वाळू चालते, अनवाणी. भरतीपासून ओहोटीला साधारण सव्वासहा तास लागतात आणि वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून तारीख ठरण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघा. साडेपाच ते आठच्या मध्ये ओहोटी येत असेल तरच पुळणीवर ठरवा.

त्यापेक्षा भाड्याच्या घराचा लाकडी डेक उत्तम. डेक नसेल तर 4 बाय 8 फुटांची, पाऊण इंची प्लायवुडची पानं. शॅग एका सरळ पट्टीत नाचतात, त्यामुळे एका जोडीला एक पान पुरतं. सहा पानांवर सहा जोड्या. अर्धा इंची घेऊ नका, खाली वाळू सरकली की ते झोके खातं. खाली ताडपत्री, सांध्यांवर रुंद चिकटपट्टी, नाहीतर टाच अडकते. दर टप्प्यानंतर झाडून काढा, कारण थोडी वाळूही सँडपेपरचं काम करते. पायात गुळगुळीत चामडी तळाचे बूट. रबरी तळ पकडतो आणि वळताना घोटा जातो. पुळणीवर फरशी किंवा मोठे स्पीकर लावायचे असतील तर शहराच्या कार्यालयाला आधी विचारा.

गोदाकाठ

कोळीगीतांचं राहिलं. शेवटी लावायची असतील तर अवश्य लावा, पण शॅगच्या टप्प्यात मिसळू नका. बहुतेक कोळीगीतांचा ठेका सहा-आठचा, आणि शॅगची सहाची मोजणी बसते चार-चारच्या गाण्यावर. आकडा सारखा दिसतो म्हणून लोक फसतात. मध्ये पाच मिनिटं गाणं पूर्ण थांबवा, बूट काढायला सांगा, जोड्या मोडून रांगा करा आणि मग सुरू करा. सहा-सात गाणी पुरेत.

मीनल_शार्लट

सगळ्यांचे आभार. पहिल्या टप्प्याची सुरुवात अशी धरली आहे: 'माय गर्ल', 'माय गाय', 'वन मिंट ज्युलेप', 'व्हॉट काइंड ऑफ फूल', 'स्टे', 'मिस ग्रेस', 'विथ धिस रिंग'. डेक असलेलं घर मिळालंय. गाण्यांमध्ये सहा सेकंदांचा क्रॉसफेड ठेवलाय, म्हणजे एक गाणं विरतानाच पुढचं सुरू होतं.

तबकडी

क्रॉसफेड दोन सेकंदांवर आणा, किंवा बंदच करा. 'स्टे' जेमतेम 1 मिनिट 36 सेकंदांचं आहे, बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं सगळ्यात छोटं गाणं. त्याची दोन्ही टोकं मिळून बारा सेकंद मिसळणीत गेली तर हाती काय राहिलं? शिवाय दोन गाण्यांचे ठेके एकावर एक आले की शिकणाऱ्यांची मोजणी तुटते. त्यांना मधली शांतता हवी असते, जोडीदार बदलायला.

ठेकेदार

'विथ धिस रिंग' पहिल्या टप्प्यातून काढून दुसऱ्यात न्या, नवशिक्यांना ते पळवतं. त्याच्या जागी शिकवणाऱ्या जोड्यांना जे आवडेल ते 110 च्या आतलं झोलदार ब्लूज घ्या. 'मिस ग्रेस' आहे तिथेच राहू दे, पण एकदा 30 सेकंद मोजून खात्री करा.